खत कोणाचे, जप्ती कोणावर?

गावात जामीन राहण्याची रीत कोणाला ठाऊक नाही? एकाने सावकाराचे कर्ज काढावे, दुसऱ्याने भिडेखातर त्याच्या खतावर जामीन म्हणून अंगठा उठवावा, त्या दुसऱ्याला तिसऱ्याने पाठ द्यावी, आणि मुदत भरताच कर्जदाराने हात वर केले म्हणजे बेलिफाने येऊन तिसऱ्याच्याच दावणीचे बैल सोडून न्यावेत! ज्याचे बैल गेले त्याला खतात काय लिहिले होते हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याला एवढेच कळते की, उद्या औताला बैल नाहीत.

सन १९१४ ते १९१८ या सालांत जे पहिले महायुद्ध झाले ते आमच्या मते अशाच जामीनकीचे युद्ध होते. त्याचे कारण पुष्कळदा एका ओळीत सांगतात. एका राजपुत्राला एका पोराने गोळी घातली आणि जग पेटले, हे ते कारण! आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांनी एवढ्यावर समाधान मानू नये. एका ठिणगीने गंजी पेटते हे खरे. परंतु गंजीला गंजी खेटून कोणी रचली आणि तीवर रॉकेल कोणी शिंपडले, हे विचारल्यावाचून आगीचा पंचनामा पुरा होत नाही. तो पंचनामा आज आम्ही करणार आहोत. युद्धाला शंभर वर्षे उलटून गेली तरी हे काम शिळे झालेले नाही. कारण त्यात आमच्याही घरची माणसे मेली, आणि त्यांच्या नावांचा हिशेब अजून चुकता व्हायचा आहे.

प्रथम खते पाहू. १८७०-७१ साली जर्मनांनी फ्रान्सचा पराभव करून आल्सेस प्रांत आणि लॉरेनचा काही भाग काढून घेतला. घेतलेले पचावे म्हणून जर्मनीचा मुत्सद्दी बिस्मार्क याने १८७९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाशी करार केला व १८८२ साली त्यात इटलीला ओढले. हे झाले त्रिकूट. फ्रान्स एकटा पडला. त्याने धावाधाव करून १८९४ सालापर्यंत रशियाशी लष्करी करार पुरा केला. फ्रान्सात राजा नव्हता, रशियात झारच्या शब्दापुढे कायदा नव्हता; दोघांचा एकही आचार जुळत नव्हता. परंतु शेजाऱ्याचा वैरी तो आपला सोयरा, या न्यायाने सोयरीक जमली. इंग्लंड बराच काळ बाजूला उभे होते. त्याने १९०४ साली फ्रान्सशी ईजिप्त व मोरोक्कोचा तंटा मिटवला आणि १९०७ साली रशियाशी इराणची वाटणी ठरवली. इराणच्या रयतेला अर्थातच कोणी विचारले नाही! येणेप्रमाणे युरोपात दोन तट पडले, आणि एकाच्या अंगणात भांडण झाले की दुसऱ्याने काठी घेऊन धावावे, असे कागदोपत्री ठरले.

करार करणे हे मुळात पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. दुबळ्याने दुबळ्याला सांभाळून घेण्याचा बोलीचा करार गावगाड्यातही असतो. आमचा कटाक्ष आहे तो गुप्ततेवर. त्रिकूटाच्या अटी प्रजेपासून लपवलेल्या होत्या. फ्रान्स-रशियाच्या लष्करी कराराच्या अटी फ्रान्सच्या निवडलेल्या प्रतिनिधींपुढे मंजुरीला ठेवल्याच नाहीत. इंग्लंडात तर पार्लमेंटाचा केवढा डौल! तरीही १९०६ सालापासून इंग्रज व फ्रेंच सेनाधिकारी युद्धाच्या तयारीची बोलणी करीत होते, आणि १९११ सालापर्यंत खुद्द बहुतेक मंत्र्यांनाही त्याचा पत्ता नव्हता. परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांनी फ्रान्सशी १९१२ साली झालेला पत्रव्यवहार पार्लमेंटात वाचून दाखवला तो ३ ऑगस्ट १९१४ रोजी. तोपर्यंत फौजा गाड्यांत बसल्या होत्या. बैल सुटल्यावर खत वाचून दाखवण्याचा हा प्रकार नव्हे काय?

आता या खतांमागचा लोभ पाहा. इंग्लंड, फ्रान्स आदी राष्ट्रांनी आफ्रिका व आशिया आधीच वाटून घेतल्या होत्या. जर्मनीची कारखानदारी मागाहून वाढली. तिला माल खपवायला बाजार आणि मिरवायला वसाहती हव्या झाल्या. तिने मोठे आरमार बांधायला घेतले. इंग्लंडने १९०६ साली ‘ड्रेडनॉट’ नावाची नवी अवाढव्य लढाऊ नौका पाण्यात सोडली, त्याबरोबर जर्मनीनेही तशाच नौकांचा सपाटा लावला. एकाने वाड्याला मजला चढवला की दुसऱ्याने चढवायचा, आणि दोन्ही मजल्यांची वर्गणी रयतेने द्यायची! जर्मनीचा क्रुप, फ्रान्सचा श्नायडर, इंग्लंडचा व्हिकर्स हे तोफांचे कारखानदार. त्यांच्या घरी या चुरशीत दिवाळी होती. आणि गंमत अशी की, ज्यांच्या नावाने हे सर्व चालले होते ते राजे एकमेकांचे भाऊबंद होते. जर्मनीचा कैसर विल्हेल्म व इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज हे दोघेही व्हिक्टोरिया राणीचे नातू. रशियाचा झार निकोलस आणि पंचम जॉर्ज हे सख्ख्या बहिणींचे मुलगे. भाऊबंदकी आमच्या गावात बांधाच्या वितीवरून होते आणि दोन डोकी फुटून थांबते. या भाऊबंदकीत सुमारे ९० लाख शिपाई मेले. आणि त्यांत या तिघांच्या घरचा सातबारा कोणाच्याही नावावर नव्हता.

आता ठिणगीकडे वळू. ऑस्ट्रिया-हंगेरीने १९०८ साली बोस्निया प्रांत आपल्या राज्याला कायमचा जोडून टाकला. तिथली पुष्कळशी ख्रिस्ती कुळे त्या काळीही जमीनदाराला पिकाचा वाटा देऊन कशीबशी जगत होती. शेजारच्या सर्बियाने १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत आपला मुलूख वाढवला होता, आणि बोस्नियातील सर्ब तरुणांचे डोळे त्याच्याकडे लागले होते. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी हे बोस्नियातील साराजेव्हो शहरी आले असता गाव्ह्रिलो प्रिन्सिप नावाच्या १९ वर्षांच्या तरुणाने त्या दोघांना गोळ्या घालून ठार केले. प्रिन्सिप हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा. त्याने केला तो खून, आणि खुनाला आम्ही पुण्य म्हणणार नाही. परंतु खुनाचा खटला होतो, त्याचे महायुद्ध होत नाही. ते होण्यासाठी खते लागतात.

५ जुलैला कैसरने ऑस्ट्रियाला सांगितले की, तुम्ही सर्बियाचे काय करायचे ते करा, आम्ही पाठीशी आहोत. कोऱ्या कागदावर अंगठा उठवणे म्हणतात ते हेच! २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा खलिता धाडला. सर्बियाने बहुतेक अटी कबूल केल्या, तरी २८ जुलैला युद्ध पुकारले गेले. सर्बियाचा कैवारी म्हणून रशियाने ३० जुलैला सर्व फौज गोळा करण्याचा हुकूम सोडला. १ ऑगस्टला जर्मनीने रशियावर व ३ ऑगस्टला फ्रान्सवर युद्ध पुकारले. जर्मन सेनापतींचा बेत आधीपासून ठरलेला होता की, रशिया सावकाश जमतो तोवर बेल्जियममधून मुसंडी मारून फ्रान्सला लोळवावे. बेल्जियमची तटस्थता राखण्याचे वचन १८३९ च्या तहात मोठ्या राष्ट्रांनी दिलेले होते, आणि त्यांत जर्मनीच्या आधीचे प्रशियाचे राज्यही होते. ४ ऑगस्टला ते वचन तुडवून जर्मन फौजा बेल्जियमात शिरल्या, आणि त्याच दिवशी इंग्लंड युद्धात उतरले. पाच आठवड्यांत सगळे जामीन वसुलीला बाहेर पडले.

या सर्वांचा दोष सारखा होता असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. लहान सर्बियाच्या नरड्याला हात घालणारी ऑस्ट्रिया आणि तिला कोरा कागद देणारी जर्मनी यांच्या पदरी मोठे माप जाते. निरपराध बेल्जियमवर झालेला जुलूम कोणत्याही युक्तिवादाने धुऊन निघणार नाही. परंतु चोर मोठा ठरला म्हणून माल लपवणारा साव ठरत नाही. फौज थांबवण्याचे सामर्थ्य सगळ्याच राजधान्यांत होते. ते वापरण्याची इच्छा मात्र कोणाला झाली नाही.

ऑगस्ट हा तिकडे सुगीचा महिना. तरणे पुरुष खळ्यावरून उठून गेले. फ्रान्सच्या मुख्य मंत्र्याला ७ ऑगस्टला जाहीर विनंती करावी लागली की, शेतकरणींनी उरलेले पीक काढून घ्यावे व पुढची पेरणी करावी. गावोगावचे घोडे सरकारजमा झाले. लोक म्हणत होते, नाताळपर्यंत सारे आटोपेल. सप्टेंबरात मार्न नदीवर जर्मनांची मुसंडी अडली, आणि मग समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत दोन्हीकडच्या शिपायांनी जमीन खणून चर काढले. ज्यांचे हात नांगराला लागायचे त्यांच्याच हातांनी ही खोदाई झाली. त्या चरांत चिखल, उंदीर, उवा आणि प्रेते यांच्या संगतीत माणसांनी चार हिवाळे काढले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मनांनी विषारी वायू सोडला. पुढे दुसऱ्या पक्षानेही तेच केले. १९१६ साली व्हर्डनच्या किल्ल्यांपुढे दहा महिन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ३ लाख लोक मेले आणि सरहद्द होती तिथेच राहिली. त्याच साली १ जुलै रोजी सोम नदीवर इंग्रजांचे एका दिवसात १९ हजारांवर शिपाई ठार झाले. एका दिवसात! तालुक्याच्या बाजाराला जमणारी सगळी माणसे सकाळी यावीत आणि संध्याकाळी त्यांतले एकही घरी जाऊ नये, असा हा हिशेब.

आणि देवाचे दलाल? ते दोन्हीकडे होते. जर्मन शिपायाच्या पट्ट्याच्या बिल्ल्यावर, देव आमच्या बाजूस आहे, अशी अक्षरे कोरलेली होती. तोच देव, तोच येशू, तेच पुस्तक. इकडचा पाद्री आपल्या तोफेला आशीर्वाद देई आणि तिकडचा आपल्या. निर्मिक एक आहे, सर्व माणसे त्याची लेकरे आहेत, आणि त्याच्या व लेकरांच्या मध्ये मध्यस्थाचे काम नाही, असे जोतीरावांचा सत्यशोधक समाज १८७३ सालापासून सांगत आला. मध्यस्थ मध्ये शिरला की काय होते, याचे याहून मोठे उदाहरण शोधायला नको.

युद्ध लांबले तसतशी नवी खते लिहिली गेली. इटली त्रिकूटातली, तिने प्रथम आपण तटस्थ असल्याचे सांगितले आणि मग २६ एप्रिल १९१५ च्या गुप्त तहाने ऑस्ट्रियाचा मुलूख मिळण्याच्या बोलीवर दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळाली. रशियाला इस्तंबूल देऊ केले. तुर्कस्तान १९१४ च्या अखेरीस जर्मनीच्या बाजूने उतरले होते, म्हणून त्याच्या मुलखाचा बाजार मांडला गेला. अरबांना इंग्रजांनी स्वातंत्र्याचे वचन दिले; १९१६ साली तोच टापू फ्रान्सशी आपसांत वाटून घेण्याचा करार केला; आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय वसतिस्थान देण्याचे जाहीर केले. एकच रान तिघांना लिहून देणारा माणूस गावात असता तर पंचांनी त्याला चावडीवर बसवले असते! त्या तीन कागदांची फळे ती भूमी अजून भोगत आहे. जर्मनीनेही हेच केले. १९१७ च्या जानेवारीत तिने मेक्सिकोला गुप्त तार करून अमेरिकेचे प्रांत परत मिळवून देण्याचे आमिष दाखवले. ती तार उघडकीस आली, पाणबुड्यांनी व्यापारी जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला, आणि ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकाही युद्धात आली.

आता आपल्या घराकडे येऊ. हिंदुस्थानचा साराजेव्होशी काय संबंध होता? काहीही नाही. परंतु इंग्लंड युद्धात पडले त्याच वेळी हिंदुस्थानही पडले. इथल्या एकाही माणसाचे मत घेतले गेले नाही. या देशातून १३ लाखांवर माणसे शिपाई, खेचरवाले, हमाल, भिस्ती अशा नात्यांनी समुद्रापार गेली. त्यांतली ७४ हजारांवर मेली. शिवाय १९१७ साली हिंदुस्थानच्या तिजोरीतून इंग्लंडला १० कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने १५० कोटी रुपये देण्याचे ठरले. त्याला नाव दिले होते देणगी! देणगी देणाऱ्याला ती दिल्याचे माहीत असावे लागते, एवढाही विचार कोणी केला नाही.

आमच्या मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, झुंजला. तिथे जाण्याचे एक कारण तेल होते. इराणातील तेल कंपनीचा मोठा हिस्सा इंग्रज सरकारने १९१४ सालीच विकत घेतला होता, आणि इंग्रज आरमार कोळसा सोडून तेलावर चालू लागले होते. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनने नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतले. मग पुरेसे दवाखाने, पुरेशा बोटी, पुरेशी रसद नसताना तीच फौज बगदादकडे लोटण्यात आली. तेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांतून आणावे लागले. डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमारा येथे ही फौज वेढली गेली. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली. फौज सोडवायला गेलेल्यांपैकी सुमारे २३ हजार मेले वा जखमी झाले. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती दिली व सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या हाती सापडले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकीत नेले; त्यांतले हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. जनरलसाहेबांना मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला! पुढे १९१६ साली चौकशी कमिशन बसले, हिंदुस्थान सरकारच्या कारभाराचे वाभाडे निघाले, विलायतेत भारतमंत्र्याने राजीनामा दिला. ज्यांची हाडे वाळूत राहिली त्यांच्या घरी त्या राजीनाम्याने काय शिजले?

येथे आमच्याच चळवळीतला एक प्रश्न आम्हांस विचारला जाईल, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी या युद्धात भरतीला मदत केली, मराठ्यांनी आपखुशीने नाव कमावले, मग आज त्याला जप्ती कसे म्हणता? यावर आमचे उत्तर असे. शिपायाच्या शौर्याला उणा शब्द लावणारी जीभ आमची नव्हे. ज्या समाजाला शाळा, कचेरी व कौन्सिल यांची दारे बंद होती, त्याच्यापुढे पलटणीचे दार उघडे होते. तिथे पगार होता, पेन्शन होती, आणि गावात ताठ मानेने परत येण्याची आशा होती. त्या दारातून आपला माणूस पुढे सरकावा असे छत्रपतींना वाटले यात नवल नाही. १९१८ साली गांधीजींनीही खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावे पालथी घातली होती. परंतु एकच दार उघडे ठेवून त्यातून जाणाऱ्याला, तू आपखुशीने गेलास, असे म्हणणे हा न्याय नव्हे. १९१९ च्या सुधारणांत मुंबईच्या कायदेकौन्सिलात मराठा व तत्सम जातींना ७ राखीव जागा मिळाल्या, आणि पेन्शनर शिपायांना मताचा हक्क आला. यात रक्ताचा वाटा होता हे आम्ही मान्य करतो. मात्र ज्यांचे रक्त तसेच सांडले त्या सर्वांना सारखे माप मिळाले काय? महारांची भरती सरकारने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेर बंद केली होती. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली, आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडून टाकली! दुसरे महायुद्ध पेटल्यावर १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. संकट आले की शूर, संकट टळले की अस्पृश्य, असा हा दुटप्पी कारभार होता. आणि त्याला सरकारइतकाच आमचा वरच्या पायरीवर बसलेला समाजही जबाबदार होता, हे आम्ही आमच्या मराठा, माळी, तेली, कोष्टी वाचकांना स्पष्ट सांगतो.

पलटणीत न गेलेल्यांच्या दारीही वसुली आलीच. रंगाचा माल तेव्हा मुख्यतः जर्मनीहून येई. तो बंद पडला आणि साळी, कोष्टी, रंगारी यांचे हात आखडले. कापड, रॉकेल, मीठ, धान्य सारेच महागले. चांदी अपुरी पडली म्हणून १९१७ च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. खणखणीत रुपया वाजवून घेणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती कागद आला. याच काळात मुंबईच्या गिरणीमालकांनी नफ्याच्या राशी ओढल्या, आणि त्यांच्या एक लाखावर कामगारांना पोटासाठी जानेवारी १९१९ मध्ये संप करावा लागला. १९१८ साली पाऊस दगा देऊन गेला. त्याच जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झाची साथ उतरली. युद्धाच्या जहाजांनी व फौजांनी ती जगभर फिरवली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती खेडोपाडी पसरली. अर्धपोटी माणसांच्या अंगात ताप सोसण्याचे बळ नव्हते. या साथीत हिंदुस्थानात १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत माणसे मेली, असे निरनिराळे अंदाज आहेत. सगळ्या राष्ट्रांचे मिळून जितके शिपाई रणांगणावर मेले त्यांहून अधिक माणसे आमच्या एका देशात घोंगडीवर पडल्या पडल्या गेली! १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. महायुद्धाच्या इतिहासात हे मरण क्वचितच मोजतात.

शेवट कसा झाला? रशियातील शिपाई म्हणजे खाकी घातलेले शेतकरीच. त्यांना भाकर, जमीन आणि शांतता हवी होती. मार्च १९१७ मध्ये झार गेला. नोव्हेंबरात बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि पहिल्याच दिवसांत सरकारी दप्तर उघडून गुप्त तह छापून टाकले. त्यांच्या पुढच्या राज्यकारभारात शेतकऱ्यांवर जे अत्याचार झाले ते आम्ही विसरलेलो नाही; परंतु चोरखण उघडण्याचे ते काम चोख होते. ज्या युद्धाला न्यायाचे, लहान राष्ट्रांच्या रक्षणाचे युद्ध म्हणत होते, त्यात कोणता प्रांत कोणाच्या पदरात पडायचा हे जगाने काळ्यावर पांढरे वाचले. मार्च १९१८ मध्ये रशिया तहाने बाहेर पडला. जर्मनीने पश्चिमेकडे अखेरची धडक मारली, ती फसली. जर्मनीतही लोक उपाशी होते. १९१६-१७ चा हिवाळा त्यांनी जनावरांच्या सलगमांवर काढला होता. १९१८ च्या नोव्हेंबरात कील बंदरच्या खलाशांनी हुकूम मोडला, कैसरने हॉलंडात पळ काढला, आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता तोफा थांबल्या. २८ जून १९१९ रोजी, साराजेव्होच्या गोळ्यांना बरोबर पाच वर्षे होत असता, व्हर्सायचा तह झाला. त्यातही हरलेल्याशी बोलणी न करता त्याच्यापुढे सहीसाठी कागद टाकला. नवे कर्ज, नवा सूड. आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसरे महायुद्ध. हिंदुस्थानला बक्षीस त्याहून लवकर मिळाले. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला आणि १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबार झाला. ज्या पंजाबाने सर्वांत अधिक शिपाई दिले, त्याच पंजाबात!

आता नावांचा हिशेब. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. या युद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामास आले, म्हणून त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. आणखीही गावांत दगडी पाट्या आहेत. त्यांवर या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढे दोन आकडे कोरलेले असतात. नावे नाहीत. इराकात बसऱ्याला स्मारक उभारले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली, आणि हजारो हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या. युद्धातील थडगी व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ कमिशनने २०२१ साली स्वतःच कबूल केले की, आफ्रिका व आशियातील शिपायांच्या स्मरणात असा भेद झाला, आणि त्याबद्दल माफी मागितली. मरतानाही ओळीत एकाच गोळीपुढे उभे राहिलेल्यांत दगडावर पंक्तिभेद झाला! पंक्तिभेदाची आम्हांस ओळख आहे. तो सातासमुद्रापलीकडेही निघाला, एवढेच.

तेव्हा वाचकहो, या पंचनाम्यातून घ्यायचे काय? आमचे सांगणे दोन गोष्टींचे आहे. पहिली ही की, ज्यांना किंमत मोजायची आहे त्यांनी कागद वाचलाच पाहिजे. १९१४ साली युरोपातला शेतकरी पुष्कळ ठिकाणी शिकलेला होता, त्याला मतही होते. तरी युद्धाचा कागद त्याला दाखवला गेला नाही, आणि त्याने तो मागितलाही नाही. म्हणून नुसते अक्षर पुरत नाही, विचारण्याची हिंमत लागते. आज देशाचे करार आपण निवडलेल्या प्रतिनिधींच्या नावाने होतात. कोणाला शस्त्र विकले, कोणाच्या पाठीशी उभे राहिलो, ते कोणत्या अटीवर, हे मत मागायला आलेल्या प्रत्येकाला विचारा. ऊस व कांद्याचा भाव विचारता तितक्याच हक्काने विचारा. युद्ध दिल्लीत ठरले तरी पेटी गावात येते. शेजारच्या देशाला शिव्या घालून जो टाळ्या मिळवतो, त्याच्या घरचे कोण सरहद्दीवर आहे, हेही जाता जाता विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट आजच करण्याजोगी आहे. ज्यांच्या घरात पणजोबा, खापरपणजोबा बसऱ्याला, फ्रान्सला, आफ्रिकेला गेल्याची कथा आहे, त्यांनी ती म्हाताऱ्यांच्या तोंडून उतरवून घ्यावी. पेटीत बिल्ला असेल, जुनी पेन्शनची वही असेल, तर तीवरचा पलटणीचा आकडा आणि नाव टिपून घ्यावे. गावच्या पाटीवर नुसता आकडा असेल तर ग्रामसभेत ठराव करून त्याखाली नावे कोरावीत; आणि ती कोरताना मराठा आधी व महार, रामोशी, मुसलमान मागे, असा क्रम लावू नये. सरकारने किंवा विलायतेने ती कोरावीत म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. छिन्नी चालवणारा पाथरवट आपल्याच गावचा आहे, आणि मेले तेही आपल्याच गावचे होते.